हिंसा, घाट आणि अंतर : उत्तर आयर्लंडची आधुनिक कविता

ओसरी_४ (धागाकर्ता)

आधुनिक आयरिश कवितेविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात विषयांची यादी बहुधा ठरलेली असते : भूमी, स्मृती, दुष्काळ, वसाहतवाद, धर्म, यादवी. ही यादी चुकीची नाही, पण ती वाचून एखादी विशिष्ट कविता आपल्याला आतून का हलवते हे कळत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ च्या गुड फ्रायडे करारापर्यंत उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनशी राहू पाहणारे आणि आयर्लंडशी जोडले जाऊ पाहणारे यांच्यात जो संघर्ष चालला, त्यात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. त्या काळात लिहिणाऱ्या कवींपुढे काय म्हणायचे यापेक्षा किती अंतरावरून म्हणायचे हा प्रश्न मोठा होता. माझे म्हणणे असे की, त्या प्रश्नाचे उत्तर या कवितांतल्या विधानांत शोधू नये. ते यमक, ओळीची लांबी आणि घटनांचा क्रम यांत, म्हणजे कवितेच्या घाटात, सापडते.

सुरुवात आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्सपासून करावी लागते, कारण पुढच्या सर्वांना त्याच्याशीच झुंजावे लागले. २४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला, तो आठवड्याभरात मोडला गेला आणि मे महिन्यात पंधरा जणांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यावर येट्सने लिहिलेल्या ‘ईस्टर, १९१६’ या कवितेची कडवी अनुक्रमे १६, २४, १६ आणि २४ ओळींची आहेत, म्हणजे उठावाचा दिवस आणि वर्ष कवितेच्या बांध्यातच कोरलेले आहे. भयंकर सौंदर्य जन्माला आल्याचे सांगणारे धृपद सर्वांच्या लक्षात राहते. मात्र ते तिसऱ्या कडव्याच्या शेवटी येत नाही, याकडे कमी वाचकांचे लक्ष जाते. त्या कडव्यात वाहता ओढा, क्षणोक्षणी बदलणारे ढग, घोडा, पाणकोंबड्या आहेत आणि त्या सगळ्याच्या मध्यभागी एक दगड आहे. एकाच ध्येयाने झपाटलेल्या हृदयांचा तो दगड होतो. जिथे गौरवाचे धृपद यायला हवे, तिथे नुसता दगड ठेवून येट्स आपली शंका नोंदवतो. पुढच्या कडव्यात तो हुतात्म्यांची नावे एकापाठोपाठ उच्चारतो खरा, पण हे मरण अनावश्यक होते का, हा प्रश्न त्याआधीच विचारून झालेला असतो.

यानंतर थेट १९९४ कडे येतो. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने शस्त्रसंधी जाहीर केली आणि ३ सप्टेंबरच्या ‘आयरिश टाइम्स’मध्ये बेलफास्टचे कवी मायकेल लाँगली यांची ‘सीझफायर’ ही कविता छापून आली. चौदा ओळी, चार क्रमांकित भाग, आणि विषय होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याच्या चोविसाव्या सर्गातला : आपल्या मुलाचे, हेक्टरचे, प्रेत मागण्यासाठी राजा प्रायम त्याच मुलाला मारणाऱ्या अकिलीझच्या तंबूत जातो. कवितेत बेलफास्टचे नाव नाही, पक्षांची नावे नाहीत. हेक्टरचे प्रेत धुऊन गणवेशात तयार ठेवल्याचे सांगताना जो ‘गणवेश’ येतो, तेवढ्या एका शब्दातून विसावे शतक त्या तंबूत शिरते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो क्रम. होमरमध्ये प्रायम आत येताच गुडघे टेकतो आणि अकिलीझच्या हातांचे चुंबन घेतो. रडणे, जेवणे, एकमेकांकडे कौतुकाने पाहणे हे सारे त्यानंतर घडते. लाँगलींनी चुंबन उचलून अगदी शेवटी ठेवले आहे, आणि तेही प्रायमने आधी उसासून काढलेले उद्गार म्हणून. कालक्रमाने जे पहिले, ते वाचनक्रमाने शेवटचे झाले. त्यामुळे आपण आधी समेट पाहतो, शांत जेवण पाहतो, आणि मग त्याची किंमत काय होती ते आपल्यापुढे येते. यमकही याच हिशेबाने चालते. पहिल्या तीन कडव्यांत दुसरी आणि चौथी ओळच जुळते, आणि तेही सैलपणे. तिसऱ्या कडव्यात तर निव्वळ स्वरसाम्य उरते. शेवटच्या दोन ओळींत मात्र पूर्ण, खणखणीत यमक आहे. जे करणे भाग आहे ते मी करतो असे एक ओळ म्हणते, आणि दुसरी ओळ मुलाच्या मारेकऱ्याचा हात पुढे करते. इंग्रजीत ‘केले जाणे’ आणि ‘मुलगा’ या अर्थांचे शब्द तिथे एकमेकांवर बंद होतात. समेट सोपा नसतो असे विधान कवी करत नाही, कारण ते यमकाने आधीच सांगून टाकलेले आहे.

उत्तर आयर्लंडमधलेच कवी शेमस हीनी यांच्याविषयी मुद्दाम शेवटी लिहितो, कारण वाद तिथेच आहे. पी. व्ही. ग्लोब यांच्या डेन्मार्कमधील दलदलीत सापडलेल्या प्राचीन प्रेतांवरील ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९६९ मध्ये निघाला. पीटच्या, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, आम्लयुक्त, प्राणवायूविरहित थरात दोन हजार वर्षे टिकून राहिलेली ती माणसे, त्यांच्या गळ्यातले फास आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पाहून हीनींना आपल्या काळाची प्रतिमा सापडली. ‘विंटरिंग आउट’ (१९७२) मधील ‘द टोलंड मॅन’ आणि ‘नॉर्थ’ (१९७५) मधील दलदलीच्या कविता त्यातून आल्या. ‘नॉर्थ’मधल्या या कवितांच्या ओळी अतिशय आखूड असून कडवी चार-चार ओळींची आहेत. पानावर त्या उभ्या, अरुंद दिसतात आणि गिरमिटासारख्या खाली खाली उतरत जातात. प्रश्न असा की, इतके खोल गेल्यावर आजच्या हत्येची जबाबदारी वरच राहून जाते का? याविषयी जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

पीतपर्ण

लाँगलींच्या कवितेचे आपले विवेचन मला पटले, हीनींविषयीची शंका मात्र आपण फारच सौम्यपणे मांडली आहे. ‘नॉर्थ’ प्रसिद्ध झाले तेव्हा बेलफास्टचेच कवी किअरन कार्सन यांनी ‘द ऑनेस्ट अल्स्टरमन’ या नियतकालिकात त्याचे परीक्षण लिहिले, आणि हीनी हिंसेचे राजकवी, मिथके घडवणारे, विधिपूर्वक केलेल्या हत्यांचे मानववंशशास्त्रज्ञ झाल्याचा आक्षेप घेतला. आक्षेपाचा गाभा असा की, लोहयुगातील बळी आणि १९७० च्या दशकातील बळी एकाच साखळीत ओवले की हत्या ऋतुचक्रासारखी भासू लागते. ऋतुचक्राला कोणी जबाबदार नसतो. गोळी झाडणारा माणूस मात्र असतो, त्याला पत्ता असतो आणि त्याला ती न झाडण्याचा पर्यायही असतो.

‘पनिशमेंट’ ही कविता घ्या. मुंडन केलेली, गळ्यात फास असलेली, व्यभिचारासाठी मारली गेलेली एक मुलगी कवी पाहतो. ब्रिटिश सैनिकांशी संबंध ठेवल्याबद्दल डांबर फासून कठड्याला बांधलेल्या आपल्या काळातील मुलींशी तो तिची सांगड घालतो. ज्या प्रेतावरून ही कविता आली, ते १९५२ मध्ये उत्तर जर्मनीतील विंडेबी येथे सापडले होते. नंतरच्या तपासणीतून ते सुमारे सोळा वर्षांच्या मुलाचे असावे असा निष्कर्ष निघाला आहे, आणि व्यभिचाराची कथा ही मुळात पुराव्याविना रचलेली होती. कवीला हे माहीत असणे शक्य नव्हते, म्हणून मी त्याला दोष देत नाही. पण ज्या सहजतेने त्या देहाभोवती शिक्षेची गोष्ट गुंफली गेली, ती सहजताच दलदलीच्या या संपूर्ण पद्धतीचा धोका दाखवते. प्रेत बोलत नाही, म्हणून त्याच्याकडून काहीही वदवून घेता येते.

ओसरी_४

पीतपर्ण, आपला मुद्दा गंभीर आहे. तरीही ‘पनिशमेंट’मध्ये निवेदक स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, हे नजरेआड करता येणार नाही. आपण तिच्यावर जवळजवळ प्रेम करतो, पण त्या वेळी आपणही मौनाचे दगड मारले असते, असे तो म्हणतो. स्वतःला ‘चोरून पाहणारा’ असे म्हणवतो. आणि शेवटी सुसंस्कृत संतापाला होकार देणारा आणि तरीही टोळीचा सूड नेमका समजणारा माणूस म्हणून स्वतःची ओळख देतो. विंडेबीचा देह मुलाचा ठरल्याने ही कबुली खोटी ठरत नाही. उलट, कविता त्या देहाविषयी कमी आणि पाहणाऱ्याविषयी अधिक आहे हे स्पष्ट होते. मला खटकते ते दुसरेच. कबुली इतक्या सुरेल ओळींत येते की तिचा ओरखडा उमटत नाही. इतिहासाच्या चुकीपेक्षा ही घाटाची अडचण मला मोठी वाटते.

ती अडचण हीनींनाही जाणवली असावी, असे मला ‘फील्ड वर्क’ (१९७९) मधील ‘कॅझ्युअल्टी’ वाचताना वाटते. ३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटच्या गोळीबारात तेरा जण जागीच ठार झाले. त्यांच्या अंत्यविधीच्या काळात आपल्याच समाजाने पाळलेली संचारबंदी मोडून एक मासेमार दारू प्यायला बाहेर पडतो आणि बॉम्बस्फोटात मरतो. इथे पुरातन प्रेत नाही, विधी नाही. ओळखीचा माणूस आहे, त्याची दारू मागवण्याची खूण आहे, त्याच्या होडीत घालवलेली एक सकाळ आहे. घाट मात्र येट्सचा आहे : तीन आघातांची ओळ आणि एकाआड एक यमक. पण येट्सची यमके जिथे ठामपणे मिटतात तिथे हीनींची अर्धवट उघडी राहतात. टोळीची सहभागिता मोडणारा हा माणूस किती दोषी, या प्रश्नाला कवी उत्तर देत नाही. उलट, मृतालाच परत येऊन आपल्याला पुन्हा प्रश्न विचारायला सांगतो. ‘नॉर्थ’मधला निवेदक सर्व समजणारा होता. ‘कॅझ्युअल्टी’तल्या निवेदकाला समजलेले नाही, आणि म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

तिसरा_चरण

आतापर्यंतच्या चर्चेत एकाही कवयित्रीचे नाव आलेले नाही, याची नोंद करणे आवश्यक वाटते. यात या धाग्याचाच दोष आहे असे नाही. १९९१ मध्ये डेरीच्या फील्ड डे या संस्थेने शेमस डीन यांच्या संपादनाखाली आयरिश लेखनाचा तीन खंडी बृहद्संग्रह काढला, तेव्हा त्यात स्त्रियांच्या लेखनाला इतकी तोकडी जागा मिळाली की मोठा वाद उसळला, आणि २००२ मध्ये केवळ स्त्रियांच्या लेखनासाठी चौथा आणि पाचवा खंड काढावा लागला.

डब्लिनच्या कवयित्री ईव्हॅन बोलंड यांचे सगळे काव्य या अनुपस्थितीशी झगडते. आयरिश कवितेत स्त्री शतकानुशतके होती, पण देशाचे रूपक म्हणून : दुःखी माता, म्हातारी, राणी. रूपकाला भूक लागत नाही आणि ते म्हातारेही होत नाही. त्या रूपकातून खऱ्या बाईला बाहेर काढणे हे बोलंड यांनी आपले काम मानले. त्यांच्या ‘क्वारंटाइन’ या कवितेत हे रचनातंत्रातून कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. १८४७ चा हिवाळा, महादुष्काळाचे सर्वांत वाईट वर्ष. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहूनही अधिक देश सोडून गेली. एक माणूस आपल्या बायकोला घेऊन वर्कहाउसमधून, म्हणजे गरिबांना कामाच्या मोबदल्यात आसरा देणाऱ्या संस्थेतून, उत्तरेकडे निघतो. कवितेत आधी ‘तो चालत होता’ असे येते, आणि वाक्य पुरे होण्याआधीच कवयित्री स्वतःला थांबवून ‘ते दोघेही चालत होते’ अशी दुरुस्ती करते. इतिहासलेखनातून जी बाई निसटली, ती वाक्याच्या मध्येच परत आणली जाते. ही दुरुस्ती कवयित्रीने खोडून स्वच्छ केलेली नाही. चूक आणि सुधारणा दोन्ही पानावर राहू दिल्या आहेत.

सकाळी दोघे मेलेले आढळतात. थंडीने, भुकेने आणि एका संपूर्ण इतिहासाच्या विषाने, अशी कारणे तुटक वाक्यांत येतात, प्रत्येक कारणापुढे पूर्णविराम. तिचे पाय त्याच्या छातीशी धरलेले असतात. यानंतर कोणत्याही प्रेमकवितेने या उंबरठ्यापाशी येऊ नये अशी ताकीद आहे. पीतपर्ण यांनी हीनींवर जो आक्षेप घेतला, तो इथे लागू होत नाही असे माझे मत आहे, कारण बोलंड त्या मृतांकडून काहीही वदवून घेत नाहीत. दोन देह कसे सापडले तेवढेच सांगतात आणि सौंदर्याला आत येऊ देत नाहीत.

वऱ्हाडवाट

येट्सविषयी एक छोटी पुरवणी. बडनेऱ्यात जन्मलेले पुरोहित स्वामी आणि येट्स यांनी मिळून दहा प्रमुख उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी, १९३४ मध्ये, पुरोहित स्वामींनी आपले गुरू भगवान श्री हंस यांच्या कैलास-मानसच्या मराठी यात्रावर्णनाचा इंग्रजी अनुवाद केला होता आणि त्याला येट्सची प्रस्तावना होती. त्याच सुमारास लिहिलेल्या ‘मेरू’ या सुनीतात येट्स म्हणतो की, संस्कृती ही नियमांच्या कड्यांनी बांधलेली असते आणि माणूस, भीती वाटत असूनही, ती उपटत, ओरबाडत शेवटी वास्तवाच्या ओसाडीत पोहोचतो. विषय विनाशाचा आणि घाट सुनीताचा, म्हणजे सर्वांत घट्ट बांधलेला. धागाकर्त्यांच्या मुद्द्याला त्यातून दुजोराच मिळतो, आणि त्यामागे एका मराठी ग्रंथाचा धागा आहे याचा मला मनापासून आनंद वाटतो.

खलाशी_क

वऱ्हाडवाट यांची माहिती मौलिक आहे. मला चर्चा पुन्हा बेलफास्टच्या रस्त्यांवर न्यायची आहे, कारण हीनींवर टीका करणाऱ्या कार्सन यांनी स्वतः कोणता पर्याय दिला हे पाहिल्याशिवाय टीकेचे मोल ठरत नाही. त्यांच्या ‘द आयरिश फॉर नो’ (१९८७) या संग्रहातील ‘बेलफास्ट कॉन्फेटी’ ही कविता दंगलीच्या मध्यभागी सुरू होते. दंगलविरोधी पोलीस येताच आकाशातून उद्गारचिन्हे, नट, बोल्ट, खिळे, गाडीच्या किल्ल्या पडू लागतात. छापखान्यातले मोडके खिळे (अक्षरांचे टाइप) आणि बॉम्बमधले खिळे यांत फरक उरत नाही. निवेदक मनात वाक्य जुळवू पाहतो, पण प्रत्येक गल्ली पूर्णविरामाने आणि अपूर्णविरामाने अडलेली असते. ज्या गल्ल्यांत तो अडकतो त्यांची नावे बालाक्लाव्हा, रॅगलन, इंकरमन, ओडेसा अशी आहेत. म्हणजे क्रिमियन युद्धाच्या, साम्राज्याच्या खुणा. हीनी भूतकाळात खाली उतरले. कार्सन यांना भूतकाळ रस्त्याच्या पाटीवरच भेटतो. शेवटी नाव काय, कुठून आलास, कुठे चाललास या चौकीवरच्या प्रश्नांची फैर झडते. कार्सन यांच्या लांबच लांब ओळी पानाच्या कडेपर्यंत जाऊन मोडतात, आणि वाचकही निवेदकासारखाच वळणावर अडखळतो. इथे अंतर मुळी नाहीच.

पॉल मल्डून यांचा मार्ग आणखी वेगळा. ‘व्हाय ब्राउनली लेफ्ट’ (१९८०) मधील ‘अनशो’ या कवितेचे शीर्षक म्हणजे आयरिश भाषेतील ‘हजर’. शाळेतल्या हजेरीला नेहमी गैरहजर असणाऱ्या मुलाला मास्तर त्याच्याच मारासाठी कुंपणातून त्यालाच छडी शोधून आणायला लावतात. होता होता तो मुलगा ती छडी तासून, चकचकीत करून, तिच्यावर नावाची अक्षरे कोरून आणू लागतो. पुढे तो छुप्या सेनेत अधिकारी होतो आणि त्याच्या पथकाच्या हजेरीला सैनिक ‘अनशो’ म्हणतात. हिंसेची परंपरा कशी चालते याचे एवढे नेमके स्पष्टीकरण मी समाजशास्त्राच्या ग्रंथांतही वाचलेले नाही, आणि कवितेत एकही निष्कर्ष नाही. तीच हजेरी दुसऱ्यांदा घेतली जाते, बस्स.

पीतपर्ण

कार्सन आणि मल्डून यांच्याविषयी मी सहमत आहे. पण ‘अंतर नाहीच’ ही स्थिती नेहमीच श्रेयस्कर मानावी का? लाँगलींचीच ‘द आइस्क्रीम मॅन’ पाहा. बेलफास्टच्या लिस्बर्न रोडवर आइस्क्रीमवाल्याचा खून होतो; मुलगी त्याच्या दुकानाबाहेर फुले ठेवते. वडील तिला बरेन या चुनखडीच्या प्रदेशात एका दिवसात पाहिलेल्या रानफुलांची नावे सांगू लागतात, आणि कविता त्या नावांतच संपते. आइस्क्रीमच्या चवींची यादी आणि फुलांची यादी यांच्या मध्ये खुनाचे एकच वाक्य आहे. इथे अंतर आहे, पण पळवाट नाही, कारण सांत्वन करण्यासाठी बापाजवळ दुसरे काहीच नाही हे प्रत्येक फुलाबरोबर अधिक स्पष्ट होत जाते.

ओसरी_४

पीतपर्ण, हे उदाहरण माझ्या मूळ प्रश्नाला सर्वांत जवळचे आहे, आणि त्यावरून मला अंतराचे दोन प्रकार वेगळे करावेसे वाटतात. एका अंतरातून कवीला अधिक दिसते, तर दुसऱ्यातून तो सुरक्षित होतो. हा भेद सर्वांत कठोरपणे केला तो बेलफास्टचेच कवी डेरेक मॅहन यांनी ‘अ डिसयूज्ड शेड इन काउंटी वेक्सफर्ड’मध्ये. दहा-दहा ओळींची सहा कडवी. जळून गेलेल्या एका हॉटेलच्या आवारातील शेड. तिथे १९२२-२३ च्या आयरिश यादवीच्या काळापासून, अर्धे शतक, अंधारात कोंडलेली अळंबी. ती किल्लीच्या छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाकडे गर्दी करून वाढली आहेत. कोणीतरी दार उघडतो, कॅमेऱ्याचा झोत पडतो आणि तो त्यांना गोळीबार पथकासारखा भासतो. त्यानंतर ट्रेब्लिंका ही नाझींची संहारछावणी आणि ज्वालामुखीखाली गाडले गेलेले पाँपेई इथल्या हरवलेल्या माणसांचे नाव येते.

हीनींच्या दलदलीतले मृत बोलत नाहीत, ही आपली तक्रार होती. मॅहन यांची अळंबी शेवटी बोलू पाहतात, आणि ती कुणाशी बोलतात ते महत्त्वाचे. ज्याच्या हातात प्रकाशमापक आहे आणि ज्याचा प्रवासाचा बेत निवांत आहे, त्या पाहुण्याला ती आपले साधेभोळे कष्ट वाया जाऊ देऊ नकोस अशी विनवणी करतात. पाहुणा म्हणजे कवी, आणि वाचकही. इतक्या शिस्तबद्ध, घुमणाऱ्या कडव्यांत कवितेने स्वतःच्याच सुरक्षित अंतरावर बोट ठेवल्याचे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. इथली यमकेही एका ठरीव साच्यात चालत नाहीत. प्रत्येक कडव्यात ती नव्याने, थोडी लपून जुळतात.

तिसरा_चरण यांना एक विनंती आहे. बोलंड यांनी सौंदर्याला उंबरठ्याबाहेर थांबवले, तर मॅहन यांनी ते आत घेऊन त्यालाच साक्षीला उभे केले. मॅहन यांची ही कविता बोलंड यांच्या कसोटीवर टिकते का, याविषयी आपण सविस्तर लिहावे. विशेषतः ट्रेब्लिंका आणि पाँपेई एकाच ओळीत यावेत का, याविषयी : एकीकडे माणसांनी योजून केलेला संहार आणि दुसरीकडे ज्वालामुखी. मला ती ओळ योग्य वाटते, कारण तिथे कारण मोजलेले नसून विस्मरण मोजलेले आहे. पण हत्येला पत्ता असतो हे पीतपर्ण यांचे म्हणणे तिथेही लागू पडते, हे मला मान्य आहे.